लहान मुलांचा अ‍ॅनिमेशन पिक्चर आणि लोकांची मतं, नेमकं कुणाचं ऐकायचं?

ताई, प्रश्न वाचला आणि हसू आलं, कारण हाच प्रश्न मी २६ वर्षं ऐकतोय, आधी तिकीट खिडकीच्या जाळीतून आणि आता फोनवर. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की सुट्टीत ४ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई अशा तिघांना घेऊन तो नवीन ड्रॅगनवाला अ‍ॅनिमेशन पिक्चर बघायला जायचंय, नाशकातल्या इंदिरानगरच्या तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर कोणी म्हणे एक नंबर, रडलो आम्ही, कोणी म्हणे पैसे पाण्यात, आणि तिसरीने लिहिलंय की पोरगी घाबरून इंटरव्हललाच बाहेर आली. मग खरं कुणाचं?

तिघांचंही खरं आहे, आणि हे मी गोडगोड बोलायचं म्हणून सांगत नाहीये. पिक्चरचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण दिवाळीत दुसरा येईल आणि ग्रुपवर पुन्हा हेच रामायण होईल.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे फुकटचे सल्ले वाटायला नकोत. सिंगल स्क्रीनला डोअरकीपर म्हणून लागलो, मग केबिनमध्ये ऑपरेटर झालो, रिळं लावली, प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या कांड्या जाळून उजेड करायचा जमाना संपत आलेला पण त्याचा वास अजून केबिनच्या भिंतींना होता, मग मल्टिप्लेक्स आले तेव्हा एका ठिकाणी ड्युटी मॅनेजर, आणि आता ते सोडून उन्हाळ्यात शाळांमधून आणि आजूबाजूच्या गावांत लहान मुलांचे शो लावतो. डोअरकीपरचं काम लोकांना हलकं वाटतं, पण शो सुटल्यावर दार उघडून उभं राहिलं ना, की पिक्चरबद्दलची पहिली १० सेकंदांची मतं फक्त त्यालाच ऐकू येतात, पार्किंगपर्यंत जाईस्तोवर ती बदललेली असतात आणि घरी जाऊन मोबाईलवर टाईप करताना तर पार वेगळीच होतात.

आता मुद्दा. फॅमिली पिक्चरबद्दल जे मत तुम्हाला वाचायला मिळतं ते कुणाचं असतं? ज्याच्या हातात फोन आहे त्याचं. ज्याच्यासाठी पिक्चर काढलाय त्या ४-५ वर्षांच्या पोराकडे फोन नसतो (म्हणजे असतो, पण त्यावर तो गाड्या बघत असतो). म्हणजे तुम्ही जी मतं वाचताय ती सगळी बापाची, आईची, मावशीची आहेत, पोराच्या वतीने दिलेली. आणि मोठी माणसं अशा पिक्चरला कुठे रडतात ते मी केबिनच्या खिडकीतून इतक्यांदा पाहिलंय की घड्याळ लावून सांगू शकतो. पहिली १०-१५ मिनिटं, जेव्हा आई किंवा बाप जातो, कारण अशा पिक्चरमध्ये आईबापाला लवकर बाजूला केल्याशिवाय पोरगं घराबाहेर पडणार कसं आणि गोष्ट घडणार कशी, आणि मग शेवटची १० मिनिटं. पोरं तिथे रडत नाहीत हो. पोरं रडतात ते मध्येच कुठेतरी, छोटं पिल्लू मागे राहतं आणि बाकीचे पुढे निघून जातात तिथे, जिथे आपण पॉपकॉर्नचा तळ शोधत असतो. त्यामुळे ‘रडलो आम्ही’ हे मत त्या माणसाच्या वडिलांबद्दल जास्त आणि पिक्चरबद्दल कमी असतं. वाईट नाही ते, पण तुमच्या ४ वर्षांच्या पोरीसाठी त्याचा उपयोग शून्य.

अमेरिकेत सिनेमास्कोर म्हणून एक कंपनी आहे, ती पहिल्याच दिवशी थेटरच्या दारात प्रेक्षकांच्या हातात कार्ड देते आणि ए प्लसपासून एफपर्यंत ग्रेड घेते. म्हणजे आमच्या डोअरकीपरचंच काम, फक्त पगार बरा. तिथेसुद्धा मुलांच्या अ‍ॅनिमेशन पिक्चरला बहुतेक वेळा ए च्या आसपासच ग्रेड पडते, कारण पहिल्या दिवशी येणारं कुटुंब आवडून घ्यायच्या तयारीनेच आलेलं असतं, सगळ्यांची तिकिटं, पार्किंग, खाणं मिळून एवढे पैसे घातल्यावर ‘बोअर’ म्हणायला जीव होत नाही कोणाचा. म्हणून मी स्टार बघतच नाही. मी बघतो लिहिणाऱ्याने पोराचं वय लिहिलंय का, कुठल्या भाषेतला शो होता, थ्रीडी होता का, किती वाजताचा होता. ‘आमचा ६ वर्षांचा आहे, हिंदीत पाहिला, गुहेतल्या सीनला मांडीवर येऊन बसला पण नंतर परत खुर्चीत गेला’ असं एखादं मत सापडलं तर ते सोनं समजा, बाकीची पन्नास सोडून द्या.

आता तुमच्या ग्रुपवरच्या तिसरीकडे येतो, जिची पोरगी घाबरली. हे मत सगळ्यात कामाचं आहे पण अर्धवट आहे, कारण कशाला घाबरली ते लिहिलेलं नाही. भीती वयाप्रमाणे बदलते. जोआन कँटर नावाच्या अमेरिकन प्राध्यापिका आहेत, मुलं आणि पडद्यावरची भीती यावरच त्यांनी अनेक वर्षं संशोधन केलं, त्यातलं मुख्य असं की साधारण ७ वर्षांच्या आतल्या मुलाला जे दिसतं त्याची भीती वाटते आणि मोठ्या मुलाला जे घडू शकतं त्याची. हल्कची ती जुनी मालिका होती ना, त्यात साधा माणूस हिरवा राक्षस होतो, तर तो राक्षस चांगला असून, लोकांना वाचवत असूनसुद्धा छोटी मुलं नेमकी तो बदलतानाच घाबरायची. हे मी वाचलं त्याच्या आधीपासून बघत होतो, फक्त मला कारण माहीत नव्हतं. तुमच्या पोरीला ड्रॅगन चांगला आहे की वाईट याच्याशी देणंघेणं नाही, त्याचे डोळे कसे आहेत आणि तो अचानक किती मोठा होतो त्याच्याशी आहे. आणि तुमच्या ९ वर्षांच्या मुलाला ड्रॅगनचं काहीच वाटणार नाही, त्याला ‘आई हरवली तर’ हे लागेल, फक्त तो तसं म्हणणार नाही, तो म्हणेल ‘बोअर आहे यार’.

हे जरा थांबून वाचा. मोठा माणूस बोअर म्हणतो तेव्हा त्याला बोअरच झालेलं असतं, किंवा ऑफिसचा फोन आलेला असतो. पण ७ ते ११ मधलं पोरगं, त्यातही मुलगे, बोअर म्हणतात तेव्हा मला दोन शंका येतात, एक तर भाषा समजत नाहीये किंवा भीती वाटतेय आणि मित्रांसमोर कबूल करायचं नाहीये. आमच्याकडे एक शो होता, वाढदिवसाची पार्टी म्हणून दहा-बारा पोरं आणलेली, त्यातला एक मोठा धीट पोरगा इंटरव्हलला बाहेर आला तो परत आत जाईना, बोअर आहे काका, मी इथेच बसतो, असं मला सांगत होता. मी म्हटलं बस, आणि त्याला केबिन दाखवायला नेलं. तिथे प्रोजेक्टरच्या शेजारच्या बारक्या काचेतून त्याने उरलेला सगळा पिक्चर उभा राहून पाहिला. सगळा. काचेच्या अलीकडून, आवाज कमी, शेजारी मशीनची घरघर, तर त्याला काही भीती नव्हती. बोअर झालेलं पोरगं ५० मिनिटं उभं राहतं का सांगा.

आवाजावरून आठवलं. लोक ‘पिक्चर फार भीतीदायक आहे’ म्हणतात त्यातला बराच भाग आवाजाचा असतो. डॉल्बीच्या प्रोसेसरवर, म्हणजे थेटरचा आवाज सांभाळणाऱ्या मशीनवर, एक आकडा असतो, ७ म्हणजे पिक्चर बनवणाऱ्यांनी ज्या लेव्हलला ऐकलं ती लेव्हल. लहान मुलांच्या शोला मी ५ च्या खालीच ठेवायचो, आधीच्या जाहिरातींचा आवाज तर त्याहून खाली, कारण पोरं अर्धी तिथेच हबकतात, पिक्चर सुरू व्हायच्या आधीच. तुम्हाला जास्त वाटला तर बाहेर येऊन मॅनेजरला सांगा, लाजू नका, दोन मिनिटांचं काम आहे ते. आणि थ्रीडीचं पण तसंच, साध्या टूडीला पडद्यावरचा उजेड १४ फूट-लँबर्ट (हे उजेड मोजायचं माप) असावा असं स्टँडर्ड आहे, थ्रीडीला चष्म्यातून डोळ्यापर्यंत पोचतो तो बऱ्याचदा ४-५, म्हणजे तिसरा हिस्सा. आता या पिक्चरमध्ये रात्रीचं जंगल, गुहा, धुकं हे असणारच, ते अजून काळं होतं, आणि ४ वर्षांच्या पोरीच्या नाकावर तो मोठ्यांचा चष्मा टिकत नाही, ती सारखी तो धरून बसते किंवा काढून टाकते आणि मग तिला दोन-दोन ड्रॅगन दिसतात, आणि घरी आल्यावर आई लिहिते ‘ग्राफिक्स खास नाही’. ग्राफिक्स बिचारं बरंच असतं हो.

ग्राफिक्सवरून अजून एक गंमत. गेल्या काही वर्षांत काही पिक्चरमध्ये मुद्दाम सेकंदाला २४ ऐवजी १२ वेळाच पात्र हलवतात, म्हणजे प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवायचं, हाताने काढलेल्या जुन्या कार्टूनचा फील यावा म्हणून. तर असा एक पिक्चर लागला होता तेव्हा आमच्या काउंटरला एक गृहस्थ भांडायला आले की तुमचा प्रोजेक्टर अडकतोय, पैसे परत द्या. मी त्यांना समजावलं, त्यांचा विश्वास काही बसला नाही. त्यांच्या शेजारी त्यांची कॉलेजातली मुलगी उभी, ती म्हणते पप्पा तेच तर भारी आहे. एकाच गाडीतून आलेली ही दोन मतं, आणि दोघांनी घरी जाऊन रेटिंग दिलंच असणार.

भाषेचं मात्र खरंच बघून जा. इंग्रजी अ‍ॅनिमेशनमध्ये आवाज आधी रेकॉर्ड होतात आणि मग त्या आवाजावर तोंडं हलवतात, त्यामुळे हिंदी डब करणाऱ्याला दुसऱ्याच्या तोंडाच्या मापात आपलं वाक्य बसवायला लागतं, ‘नो’ च्या जागी ‘नहीं’ बसतं पण लांबलचक जोक बसत नाही, म्हणून मग मध्येच कुठलातरी हरियाणवी टोन किंवा टपोरी भाषा टाकून वेळ मारून नेतात. ‘कॉमेडी ओढूनताणून आहे’ असं वाचलंत की आधी विचारा कुठल्या भाषेत पाहिला. तुमचा मुलगा इंग्रजी मिडियमला असेल तर त्याला इंग्रजी चालेल, पण सासूबाई आणि छोटीसाठी हिंदीच घ्या. मराठी डब मिळालं तर काय, लॉटरीच, पण ते फार क्वचित येतं आणि आलं तरी शोचं टायमिंग असं देतात की माणूस जाऊच नये.

सासूबाईंची काळजी तुम्ही जास्त करताय असं वाटलं, ‘त्यांना हे जादूबिदू झेपेल का’ असं लिहिलंय तुम्ही. अहो, जादू झेपायचा प्रश्नच नाही. नाशिकच्या म्हाताऱ्या माणसाला बोलणारा पक्षी दाखवून तुम्ही काय चकित करणार, टाकेदला जटायूचं देऊळ आहे आपल्याकडे, पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून आपल्या गावाचं नाव पडलं असं मानतात, दहा तोंडांचा राक्षस आणि उडणारं माकड त्यांना लहानपणापासून घरचंच. त्यांना अडतं ते दुसरीकडे. कोण कोणाचं कोण? हे पहिल्या १५ मिनिटांत कळलं तर आजी शेवटपर्यंत बसते आणि बऱ्याचदा पोरांपेक्षा जास्त समजून घेते, आणि नाही कळलं तर सोळाव्या मिनिटाला डुलकी. म्हणून जायच्या आधी रिक्षात त्यांना एवढंच सांगा, हा भाऊ, ही बहीण, हा यांचा आजोबा आणि हा वाटतो वाईट पण नाहीये. बास.

फाळक्यांचा विषय काढल्याशिवाय नाशिकचा थेटरवाला गप्प बसत नाही, त्यामुळे माझाही नाइलाज आहे. दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, १८७० ला, गेले ते इथेच नाशकात, १९४४ ला, आणि चमत्काराचे पिक्चर त्यांनी इथेच बसून काढले. १९१९ चा त्यांचा ‘कालिया मर्दन’ आहे त्यात कृष्णाचं काम त्यांच्या स्वतःच्या मुलीने, मंदाकिनीने केलं. त्या पिक्चरची सुरुवात बघा, गोष्ट सुरू होत नाही लगेच, आधी ती छोटी मुलगी साधी, मेकअपशिवाय कॅमेऱ्यासमोर बसून वेगवेगळे चेहरे करून दाखवते, हसते, रागावते, आणि मग त्याच मुलीचा कृष्ण होतो. फाळक्यांच्या डोक्यात काय होतं ते आपण सांगू शकत नाही, पण मला ते बघून कल्पना सुचली आणि मी ती माझ्या शोला वापरतो. पिक्चरच्या आधी ५ मिनिटं पोरांना दाखवतो की हा राक्षस कॉम्प्युटरवर कसा बनवला, आधी नुसता राखाडी गोळा, मग हाडं, मग कातडी, आणि त्याचा आवाज काढणारा माणूस माइकसमोर चड्डी-टीशर्टवर उभा. मोठी माणसं म्हणतात यात मजा जाते. मोठ्यांची जात असेल. ४-५ वर्षांच्या पोराची मजा जात नाही, ते राक्षस आल्यावर उलट ओरडून सांगतं ‘ए, हा तोच चड्डीवाला’. असे मेकिंगचे व्हिडिओ बऱ्याच पिक्चरचे फुकट मिळतात, शनिवारी रात्री पोरीला एकदा दाखवा.

सगळ्यांना सगळीकडे सारखंच आवडतं असं मात्र समजू नका. एकच पिक्चर, त्यात बोलणारा मोठा बिबट्यासारखा प्राणी, प्रेमळ, पोराला पाठीवर घेऊन फिरतो. शहरात शो लावला, गंगापूर रोडला, पोरं खिदळली, ‘सो क्यूट’ वगैरे. तोच निफाड तालुक्यातल्या एका शाळेत संध्याकाळी पटांगणात लावला, बाजूला ऊस उभा. प्राणी पडद्यावर आला आणि सगळं पटांगण चिडीचूप, बारकी पोरं मोठ्या बहिणींना चिकटली आणि दोघं-तिघं मागे वळून उसाकडे बघत होती. त्यांना काय फँटसी सांगता, त्यांच्या वस्तीवरचं कुत्रं उसातल्या खऱ्या बिबट्याने नेलेलं. शो संपल्यावर चौथीतला एक पोरगा मला म्हणाला, “काका, तो असा उभा नाय ऱ्हात, तो आधी खाली दबतो.” पिक्चरबद्दल इतकं नेमकं मत मला कुठल्याच पेपरात वाचायला मिळालेलं नाही. पुढच्या वेळेपासून त्या पट्ट्यात मी तो पिक्चर दिवसा, वर्गात लावायला लागलो, तेव्हा तीच पोरं मस्त हसली.

इंटरव्हलचं लोक लक्षातच घेत नाहीत. बाहेरचे पिक्चर इंटरव्हल धरून लिहिलेले नसतात, ९०-१०० मिनिटांचा सलग असतो, आपण तो मध्येच तोडतो. रिळं होती तेव्हा एक रीळ साधारण २० मिनिटांचं, रीळ जिथे संपेल तिथे इंटरव्हल, मग तिथे राक्षसाने तोंड उघडलेलं का असेना. पोरगं ते उघडं तोंड डोक्यात घेऊन बाहेर येतं, १५ मिनिटं तेच घेऊन फिरतं आणि म्हणतं घरी चल. तुमच्या ग्रुपवरची पोरगी इंटरव्हलला बाहेर पडली ना, मला तर पक्की शंका हीच आहे. तसं झालं तर तिला खायला देऊन गप्प करू नका, पुढे काय होईल असं तिलाच विचारा, ती सांगेल, आणि बहुतेक पोरं या प्रश्नाला राक्षसाला हरवूनच मोकळी होतात.

सर्टिफिकेट पण बघा. आता सेन्सॉरवाल्यांनी यूए चे तीन भाग केलेत, यूए ७ प्लस, १३ प्लस आणि १६ प्लस. यू, म्हणजे सगळ्यांनी बघायचा, असेल तर बिनधास्त जा. यूए ७ प्लस असेल तर दारावर कोणी अडवणार नाही, पण छोटीला न्यायचं की नाही ते तुमच्यावर सोडलंय असा त्याचा अर्थ.

आणि शेवटी पोरांचं मत कसं घ्यायचं. बाहेर पडल्या पडल्या ‘आवडला का’ विचारू नका, ते ‘हो’ म्हणणार, कारण ‘हो’ म्हटलं की पुढचा पिक्चर मिळतो हे त्यांना कळतं. माझी भाची ५ वर्षांची असताना तिला असाच एक पिक्चर दाखवला, विचारलं तर ‘हो’ म्हणाली आणि आइस्क्रीम मागितलं, संपलं. चौथ्या दिवशी पंचवटीत तिच्या घरी गेलो तर ही आजोबांना अंगणात हात पसरून उभं करून ‘तुम्ही झाड आहात, हलायचं नाही, मी विचारलं की बोलायचं’ असं दटावत होती. पिक्चरमध्ये ते बोलणारं झाड जेमतेम दोन मिनिटं होतं. हिरो, राजकुमारी, ती सगळी गाणी, काही नाही, तिच्यासाठी पिक्चर म्हणजे ते झाड.

तर तुम्ही रविवारचा सकाळचा शो घ्या, हिंदी, टूडी, मागून तिसरी-चौथी रांग आणि कडेच्या सीट, म्हणजे पोरीला घेऊन बाहेर जायचं झालं तर कोणाच्या पायावरून जावं लागणार नाही. छोटीला सासूबाईंच्या शेजारी बसवा, तुमच्या नको, आया स्वतःच घाबरून पोरांचे डोळे झाकतात. एसीला शाल घ्या. आणि बुधवार-गुरुवारकडे घरात कोण काय झालंय ते मला इथेच लिहून कळवा, सासूबाईंना झाड व्हायला लागलं असेल तर फोटो पण टाका.